आठ लाखांचे दुर्बल

गरीब, दरिद्री, कंगाल, कफल्लक, भणंग, भिकार, निष्कांचन, नादार. मराठीत या मालाचा तुटवडा कधीच नव्हता. शिवाय 'अठराविश्वे दारिद्र्य' आहेच. अठरा विसे तीनशे साठ, म्हणजे जुन्या वर्षाचे सगळे दिवस, अशी त्याची एक फोड सांगतात. इंग्रजी कॅलेंडर आल्यावर जे पाच दिवस वर उरले, ते बहुधा मतदान, मतमोजणी आणि शपथविधीसाठी राखीव असावेत.

यातले निम्मे शब्द आपण शिव्यांच्या खात्यात जमा केले आहेत. नाटक पडलं की ते भिकार, शेजारी चिकट निघाला की तो दरिद्री. उरला 'गरीब'. तो आपण स्वभावासाठी ठेवलाय. 'मुलगी अगदी गरीब आहे हो,' असं स्थळ आणणारा म्हणतो, तेव्हा ती उलट बोलत नाही एवढंच त्याला सुचवायचं असतं. बाहेरही हाच प्रकार. फ्रेंचांनी अरबीतला मिस्कीन, म्हणजे गरीब, घेतला, त्याचा 'मेस्कँ' केला आणि कोत्या मनाच्या माणसाला चिकटवून टाकला.

अरबी भाषा मात्र हिशोबाला चोख. जकात कोणाला द्यायची त्या कुराणातल्या यादीत फकीर वेगळा आणि मिस्कीन वेगळा. दोघांत जास्त गरीब कोण, यावर धर्मशास्त्री शेकडो वर्षं वाद घालत आलेत. आपल्याकडे असला वाद तहसील कचेरीत दुपारच्या जेवणाआधी मिटतो. कारण तिथे उत्पन्नाचा दाखला असतो.

पिवळं रेशनकार्ड घ्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत. १९९९ साली तीन रंगांची कार्डं आली तेव्हाचा हा आकडा. त्या वर्षी दहावीला बसलेला मुलगा आता स्वतःच्या मुलाच्या दहावीची काळजी करतोय, १५ हजार जागच्या जागी. संजय गांधी निराधार योजनेची मर्यादा २१ हजार, म्हणजे महिन्याला १७५०. घरात अठराशे आले की आधार मिळाला असं समजायचं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर गरिबाचं बारसंच केलं: 'प्राधान्य कुटुंब'. गावात ४४ हजारांपर्यंत, शहरात ५९ हजारांपर्यंत. प्राधान्य म्हणजे माणशी महिन्याला पाच किलो धान्य. तेच कार्ड घेऊन बँकेत नाहीतर दवाखान्यात प्राधान्य मागून बघा.

आणि या सगळ्यांच्या डोक्यावर 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक'. २०१९ची घटनादुरुस्ती, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. म्हणजे महिन्याला सहासष्ट हजार आणणारा दुर्बल. आणि गावात राहून महिन्याला चार हजार आणणारा? तो पिवळ्यात नाही, निराधार नाही, ४८ हजार होतात म्हणून प्राधान्यातही नाही. त्याच्यासाठी कचेरीत दोनच शब्द आहेत: उद्या या.

कोर्टाचीही एक गंमत. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, ज्याला कोर्ट फी भरणं शक्य नाही तो 'पॉपर' होता. १९७६ साली दुरुस्ती झाली आणि तो 'इंडिजंट पर्सन' झाला. फी तेव्हाही भरता येत नव्हती. मराठीत त्याला जुना शब्द आहे, नादार. मूळ फारसी, ज्याच्यापाशी काही नाही तो. आजोबांच्या पिढीत शाळेची फी माफ झाली की 'नादारी मिळाली' म्हणत. काही नसल्याचीसुद्धा मिळकत व्हायची आणि लोक ती आनंदाने घरी सांगायचे.

अभ्यासकांचंही श्रेय बुडवायला नको. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली हिशोब मांडला: दिवसाला २२५० कॅलरी, त्यासाठी १९६०-६१च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. नगर जिल्ह्यातली माणसं खडी फोडायला बसली आणि त्यांच्या कोशात दोन शब्द नवे आले, सुकडी आणि मिलो. कॅलरीचा अर्थ नंतर कधीतरी कळला असेल, मिलोची लाल भाकरी कशी लागते हे सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत.

नावं बदलण्यात मात्र आपला हात धरणारा कोणी नाही. २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवींचं चौंडी जामखेड तालुक्यातलं, त्यामुळे जामखेडकरांना आनंद होणं रास्तच आहे. तिथून ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रकवरची पाटीही यथावकाश बदलेल.

या ट्रकमध्ये बसणाऱ्यांची भाषा ऐकण्यासारखी आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून दसरा-दिवाळीच्या आगेमागे माणसं निघतात, आणि त्यांच्या बोलण्यात वरच्या यादीतला एकही शब्द नसतो. उचल, मुकादम, टोळी, कोपी, खाडा, बाकी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याने गेलं तर अर्धा कोयता. इंग्रजीत मजुराला 'हँड' म्हणतात, त्यात निदान माणसाचा अवयव तरी शिल्लक आहे. आपण दोन जिवंत माणसं मिळून एक हत्यार मोजतो आणि पावतीवर तसं लिहितो.

हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ऊस तोडून ती फेडायची. मध्ये ताप आला, बाईचं दुखणं निघालं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. कारखान्याचा पट्टा पडला तरी बाकी राहते, ती पुढच्या वर्षावर. आता याला गरीब कसं म्हणायचं? दिवाळीच्या तोंडावर त्याच्या हातात एकरकमी रोकड असते! जागतिक बँकेच्या लेखी टोकाची गरिबी म्हणजे दिवसाला माणशी तीन डॉलरच्या आत भागवणं. जून २०२५पर्यंत हाच आकडा २.१५ होता. हे डॉलरही बाजारातले नव्हेत, खरेदीशक्तीचे. उचल त्यात कमाई धरायची की कर्ज, हे वॉशिंग्टनला एकदा कोणीतरी कळवायला हवं.

आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यातला, लोणीचा, १९५०चा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचं नाव त्यामुळे जगभर गेलं आणि ते योग्यच झालं. उत्तरेकडे कारखाने आणि दक्षिणेकडे कोयते, ही वाटणी मात्र कुठल्याही सहकाराच्या पाठ्यपुस्तकात छापलेली नाही.

त्या कोयत्यालाच विचारलंत की बाबा, शाळा का सोडलीस, तर तो म्हणेल, 'परिस्थिती नव्हती.' चांगली नव्हती की वाईट नव्हती, विचारायचं नाही. पोरीचं लग्न लवकर का उरकलं? परिस्थिती. सात-आठ सरकारी विशेषणांचं काम तो एका शब्दात उरकतो आणि दाखलाही मागत नाही.

गरीब कोणाला म्हणायचं, यावर याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने सरळ तोडगा काढला. सरकारी यादी आहे तिथे राहू दे म्हणाले आणि गरिबीची व्याख्या गावाने स्वतः केली. घराला दोन वेळचं जेवण परवडतं का, मुलांची शाळा परवडते का, दवाखाना परवडतो का. नाही परवडत ते घर गरीब. ना रंग, ना हजारांची मर्यादा. अर्थात व्याख्येने पोट भरत नाही, त्याआधी पाणी अडवावं लागलं. बोअरच्या पाण्यावर शेती नाही, ऊस नाही, केळी नाही, असे नियम केले. साखरेच्या जिल्ह्यात ऊसबंदी! १९९५ साली गावात दारिद्र्यरेषेखालची १६८ कुटुंबं होती, २०१०च्या सुमारास तीन उरली.

तुमच्या गावातही ग्रामसभा होत असेल, निदान रजिस्टरमध्ये तरी होत असेल. पुढच्या सभेला जा आणि घरवार हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या सहीची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.