आगरदांडा, स्वल्पविराम, जंजिरा

आगरदांड्याला माणूस येतो तो बहुधा पुढे जाण्यासाठी. दिघीची फेरीबोट धक्क्याला लागलेली असते, गाड्या चढत असतात, आणि गाडीतल्या मंडळींचं लक्ष आधीच पलीकडच्या दिवेआगर-श्रीवर्धनकडे लागलेलं असतं. उलट दिशेने येणारे मुरूडच्या घाईत असतात. मधल्या मधे आम्ही. अशा गावात माझ्या पुतण्याने घरच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आणि वेबसाइटवर फोटोंची गॅलरी लावली. गॅलरीचे कीवर्ड दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी नोकरीभर ग्रंथालयात पुस्तकांचे विषय ठरवत बसलो होतो. ‘काका, तेच काम आहे, फक्त धूळ नाही,’ इति पुतण्या.

वेबपानाच्या वरच्या अंगाला, वाचणाऱ्याला दिसत नाही अशा जागी, ‘कीवर्ड्स’ नावाचा एक मेटा टॅग असतो. पानात काय आहे ते त्यात स्वल्पविराम देत देत लिहायचं. मला ते तळकोकणातल्या गाऱ्हाण्यासारखं वाटलं: सगळ्या देवांची, वेशीवरच्यांची, चुकूनमाकून राहिलेल्यांचीही नावं घ्यायची, म्हणजे कुणी रुसायला नको. फरक इतकाच, की इथल्या मुख्य देवाने हात वर केले आहेत. आपण निकाल लावताना हा टॅग बघतच नाही, असं गूगलने सप्टेंबर 2009 मध्ये जाहीर सांगून टाकलं. तरी गाऱ्हाणी चालूच आहेत. आमच्याकडे त्याला एक कारणही आहे. गॅलरीचं सॉफ्टवेअर साइटच्या आतला शोध याच शब्दांवर चालवतं.

आणि शब्द काय होते! पुतण्याने एकच ओळ सगळ्या पानांना चिकटवली होती: मुरूड, जंजिरा, बीच, स्वस्त, कपल, सी व्ह्यू. सोलकढीच्या वाटीलाही ‘सी व्ह्यू’. वास्तविक आमच्याकडे खाडी आहे. मुरूडसारखी लांबलचक पुळण नाही. खोलीतून पाणी दिसतं, पण शेजाऱ्यांच्या आंब्याची पानं झडली तर. आणि आंबा काही सगळी पानं एकदम झाडत नाही. स्वतः आगरदांडा तेवढा त्या ओळीत कुठेच नव्हता. ‘आगरदांडा कोण शोधतं, काका? जंजिरा टाका.’ त्याचंही खोटं नाही. जंजिऱ्याच्या होड्या सुटतात त्या राजपुरीहून, आणि राजपुरी इथून जवळच. पण दुसऱ्याच्या नावावर गिऱ्हाईक आणणं हा जुना उद्योग आहे. मेटा टॅगांची चलती होती तेव्हा लोक आपल्या पानात चक्क प्रतिस्पर्ध्याचं नाव लपवून ठेवायचे. शादी डॉट कॉमचं नाव असंच वापरल्याचं प्रकरण 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांच्यापुढे आलं आणि कोर्टाने ते थांबवलं. जंजिरा आमच्यावर दावा लावणार नाही, सिद्दींचं राज्य 1948 मध्येच विलीन झालं. तरीही तळलेल्या मांदेलीखाली ‘जंजिरा’ लिहायला माझा हात धजेना.

मुरूडचीही गंमत आहे. एक आमच्या तालुक्याचं. दुसरं दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं. तिसरं लातूर जिल्ह्यात, समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर. तिथला कुणी तुरीचा भाव शोधत असेल, तर त्याच्यापुढे आमचं पापलेट येणं बरं नव्हे. म्हणून मी ‘मुरूड, रायगड जिल्हा’ असं लिहायला लागलो. ग्रंथालयात आम्ही कंसात गाव लिहून एकाच नावाचे दोन लेखक वेगळे ठेवत असू, ती सवय इथे कामी आली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जुन्या ओळींनी. फोटोंखालची माहिती कधीकाळी कुणीतरी ‘शिवाजी’ नावाच्या जुन्या फॉन्टात टाइप करून दिली होती. असा फॉन्ट असतो तेव्हा पडद्यावर मराठी दिसतं, खाली साठवलेली मात्र रोमन अक्षरं असतात. फॉन्ट काढला की उरतो नुसता खडखडाट. युनिकोडच्या जमान्यात तो खडखडाट शोधणार कोण? जंजिरा तसा इतिहासात भल्याभल्यांना सर झाला नाही, या फॉन्टालाही झाला नाही. सगळं नव्याने टाइप केलं. कीवर्ड अकारविल्हे लावले, तर जंजिऱ्यावरची कलालबांगडी तोफ आणि बांगडा फ्राय अशी जोडी जमेल म्हणून जरा आशेने बघितलं. पण ‘क’ आणि ‘ब’ यांच्यामध्ये अर्धी बाराखडी निघाली.

मला खरी गोडी लागली ती शेजारच्या दुसऱ्या रकान्याची, ‘आल्ट’ची. फोटो उघडला नाही तर त्याच्या जागी दिसणारा मजकूर तो हा. दृष्टी नसलेल्या माणसाला त्याचा संगणक हाच मजकूर वाचून दाखवतो. आता कल्पना करा, कुणीतरी कान देऊन बसलाय आणि यंत्र त्याला सांगतंय: ‘मुरूड जंजिरा बेस्ट स्वस्त कपल’. त्या रकान्यात थापा चालत नाहीत. समोर आहे तेच लिहावं लागतं. मग मी फोटो बघायला लागलो. ‘ओहोटीची वेळ. धक्क्याला फेरीबोट, तिच्यात भाजीचा टेम्पो, दोन मोटारसायकली आणि टोपली धरून उभ्या दोन बायका.’ हा फोटो माझ्या रोजच्या नजरेतला. त्यातल्या बायका मला तेव्हाच दिसल्या. हे आल्ट गूगलही वाचतं म्हणे, त्यामुळे पुतण्यालाही माझ्या लांबणीबद्दल तक्रार करता येईना.

शेवटी सौदा झाला. जंजिऱ्याच्या फोटोंना जंजिरा, आमच्या फोटोंना आगरदांडा, आणि ‘आगरदंडा’, ‘अगरदांडा’ हेही, कारण माणसं शोधताना शुद्धलेखन बघत नाहीत. ‘सी व्ह्यू’ गेला, ‘खाडीकाठ’ आला. एकाच गोष्टीवर अजून घोडं अडलंय. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात आगरदांडा आणि दिघी जोडणारा पूल व्हायचा आहे. पुतण्याला ‘आगरदांडा पूल’ हा कीवर्ड आत्ताच टाकून ठेवायचा आहे, म्हणजे लोक शोधायला लागतील तेव्हा पहिले आपण.

‘आणि फोटो कशाचा लावू?’ मी विचारलं.

‘फेरीबोटीचाच लावा, काका. पूल होत असलेला दिसणार तो तिच्यातूनच ना!’