वर्तुळाबाहेरचा तालुका

चामोर्शीच्या बसस्टँडवर आष्टीकडच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक काका, पायाशी धानाच्या बियाण्याची थैली. माझ्या मांडीवर गडचिरोली जिल्ह्याचा नकाशा होता आणि त्यावर मी पेनानं एक गोल काढत होतो.

"काय करून राहिले जी?" काकांनी विचारलं.

सांगितलं, की सुरजागडच्या खाणीभोवती पंचवीस किलोमीटरचा गोल काढतोय. खाणीच्या पैशातून वेगळा निधी निघतो, तो ह्या गोलातल्या गावांसाठी असतो.

"आमचा गाव येते का त्याच्यात?" त्यांचं गाव आष्टी रोडवरचं.

"नाही येत, काका."

ते जरा वेळ नकाशाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मंग ह्या गाड्या कशा येतेत आमच्या गावातून?"

हा प्रश्न मी तेव्हापासून डोक्यात घेऊन हिंडतोय. ज्यांनी तो गोल आखला त्यांनी त्याचं उत्तर द्यावं, म्हणून आजचं सदर.

आधी पैशाचा हिशेब. लोहखनिजावर सरकार स्वामित्वधन घेतं, विक्रीच्या सरासरी किमतीच्या १५ टक्के. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. १२ जानेवारी २०१५ च्या आधी दिलेल्या पट्ट्यांच्या धारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी जादा रक्कम त्यात भरायची. सुरजागडचा ३४८.०९ हेक्टरचा पट्टा लॉइड्स मेटल्सला २००७ मध्ये मिळाला, म्हणजे तो जुन्यांत मोडतो. शंभर रुपयांच्या खनिजामागे साडेचार रुपये बाधित लोकांसाठी. पाणी, दवाखाना, शाळा यांवर ते खर्चायचे. कायदा चांगला आहे. ज्याच्या दारातून संपत्ती जाते त्याचा त्यात वाटा असावा हे देशानं कधी तरी मान्य केलं, याचं मला समाधान आहे.

पण बाधित कोण? केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या सुधारित सूचना सांगतात: खाणीपासून पंधरा किलोमीटरच्या आत राहतो तो प्रत्यक्ष बाधित, पंचवीस किलोमीटरच्या आत तो अप्रत्यक्ष बाधित. एटापल्ली तालुक्यातली गावं त्यात येतात, आणि यायलाच हवीत. डोंगर त्यांचा फुटतो आहे, ठाकूरदेवाची जागा त्यांची आहे. त्यांच्या ताटातला घास मला नको. पण खाणीतला दगड खाणीत राहत नाही. तो एटापल्ली, आलापल्ली करत आष्टीला येतो, आमच्या चामोर्शी तालुक्यात. सव्वीसाव्या किलोमीटरवर धूळ थांबत नाही.

दगडाचं माप पाहा. २०२३ मध्ये सुरजागडची वार्षिक मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेली. २०२५ मध्ये ती पुन्हा दुपटीहून जास्त वाढवली. फक्त १ कोटी टनांचाच हिशेब करू. सगळं ट्रकनं नेलं आणि एका ट्रकमध्ये तीस टन धरले, तर दिवसाला नऊशेहून जास्त भरल्या गाड्या. तेवढ्याच रिकाम्या परत. दिवसरात्र मोजलं तर दर पाऊण मिनिटाला एक गाडी. ह्याच रस्त्यानं शाळेची पोरं सायकलनं जातात, बाळंतपणाची बाई गडचिरोलीला न्यावी लागते, धान खरेदी केंद्रावर जातं. जानेवारी २०१९ मध्ये एटापल्लीजवळ गुरुपल्लीला एसटी आणि ट्रकची धडक होऊन माणसं गेली, चिडलेल्या लोकांनी ट्रक पेटवले. माणसं मेली ती डांबरावर, खाणीच्या खड्ड्यात नव्हे. मग नुकसान मोजताना खड्ड्याभोवती गोल का काढता?

आता कुणी सांगेल, पाइपलाइन झाली. झाली, खरं आहे. २२ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आमच्या तालुक्यातल्या कोनसरीला आले. खाणीजवळच्या हेडरीपासून कोनसरीपर्यंतच्या ८५ किलोमीटरच्या पाइपलाइनचं उद्घाटन झालं. खनिज दळून, पाण्यात कालवून तिच्यातून येतं. त्यामुळे रस्त्यावरच्या गाड्या कमी व्हाव्यात ही माझी मनापासून इच्छा आहे. त्याच दिवशी तिथं ४५ लाख टनांच्या पोलाद प्रकल्पाचं भूमिपूजनही झालं. आणि पोलाद पाइपातून जात नाही. कोळसा पाइपातून येत नाही. वडसा–गडचिरोली हा ५२ किलोमीटरचा रेल्वेमार्ग अजून बांधकामातच आहे. म्हणजे माल येणार रस्त्यानं, जाणार रस्त्यानं, आणि त्या रहदारीचं मूळ आता चामोर्शी तालुक्यात असणार.

खाणीभोवती निदान गोल तरी आहे. कारखान्याभोवती तोही नाही. खनिज प्रतिष्ठानाचा कायदा खाण ओळखतो, भट्टी ओळखत नाही. कोनसरीच्या शेजारच्या गावानं त्या निधीवर कोणत्या कलमाखाली हक्क सांगायचा?

मी कारखान्याच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहितो. मे २०१७ मध्ये कोनसरीला पहिलं भूमिपूजन झालं, तेव्हापासून इथली आयटीआय झालेली पोरं वाट पाहत होती. आज त्यातली काही कामाला लागली आहेत. ज्या घरातला मुलगा तेलंगणात मिरची तोडायला जायचा तो आता संध्याकाळी घरी जेवतो, हे मी डोळ्यांनी पाहतो. त्या आईला मी कारखान्याचे तोटे सांगायला जाणार नाही. पण आष्टीचा कागद कारखाना ह्याच तालुक्यात होता. त्याच्याही भोवती घरं उभी राहिली, दुकानं आली, लग्नं ठरली. तो बंद पडला. धानाच्या बांध्या मात्र त्याच्या आधीही पिकत होत्या आणि नंतरही पिकल्या.

त्या बांध्यांबद्दल बोलायचं आहे. धानाचा हा मुलूख फुकट तयार झालेला नाही. उताराच्या जमिनीला धुरे घालून एकेक बांधी सपाट केली, वरच्या अंगाला बोडी खोदली, त्याच्याही वर मामा तलाव. पाणी एका बांधीतून दुसरीत उतरतं. मधली चार बांध्यांची जमीन गेली की खालच्यांचं पाणी तुटतं, आणि ज्याचं पाणी तुटलं त्याचं नाव संपादनाच्या यादीत नसतं. ज्ञानही ह्याच चिखलातलं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे ह्या दीड एकरवाल्या शेतकऱ्यानं १९८३ मध्ये आपल्या धानात वेगळ्या लोंब्या ओळखल्या, जपल्या, वाढवल्या. तो एचएमटी तांदूळ. नाव पडलं त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून. आज तो भारतभर ताटात आहे. दादाजी ३ जून २०१८ रोजी गेले. अशा जमिनीचा भाव हेक्टरी क्विंटल गुणिले हमीभाव (२०२५-२६ मध्ये २३६९ रुपये) एवढ्यावर लावता येत नाही.

आणि भाव लावतं कोण, ते पाहा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास लागतो. त्या कायद्याच्या व्याख्येत बाधित कुटुंब म्हणजे सातबारावाला एकटा नव्हे. तीन वर्षं त्या शेतावर पोट असलेला शेतमजूरही त्यात येतो. आमच्याकडे त्याचा अर्थ रोवणीवाल्या बाया. जुलैत कमरेत वाकून पऱ्हे लावणाऱ्या, नोव्हेंबरात कडपा उचलणाऱ्या. त्यांच्या नावावर जमीन नाही, पण जमिनीचं वर्ष त्यांच्या हातावर चालतं. राज्यानं २०१८ मध्ये दुरुस्ती केली आणि औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ खाली होणारं संपादन ह्या संमतीतून आणि ह्या अभ्यासातून मोकळं केलं. म्हणजे एमआयडीसीनं जमीन घेतली की रोवणीवालीला कुणी मोजायलाच येत नाही. दुसरा गोल हा. सातबाऱ्याभोवतीचा. ह्याही गोलाबाहेर आमचीच माणसं.

मागण्या किचकट नाहीत. पहिली: बाधित क्षेत्र रस्त्यानं मोजा. खाणीपासून भट्टीपर्यंत आणि भट्टीपासून जिल्ह्याच्या सीमेपर्यंत, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पट्टा धरा. त्यातल्या प्रत्येक गावाचा निधीवर हक्क लिहून द्या. केंद्राच्या सूचना आड येत असतील तर राज्यानं स्वतःच्या तिजोरीतून तसाच निधी उभा करावा. स्वामित्वधनाचे पंधरा रुपये काय नि प्रतिष्ठानाचे साडेचार काय, डोंगर एकच आहे. दुसरी: जमीन कुणीही घेवो, अभ्यास झालाच पाहिजे आणि त्यात मजूर बायांची गावनिहाय यादी हवी. तिसरी मागणी फळ्याची आहे. रोज किती गाड्या गेल्या, नदीतून किती पाणी उचललं, प्रतिष्ठानात किती पैसे जमले आणि ते कुठं गेले, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहा.

फळ्याचा आग्रह उगाच नाही. आमच्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, तेव्हापासून बांबू कापायचा, विकायचा, पैसा वाटायचा, सगळं ग्रामसभा ठरवते. गावाला हिशेब जमत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी तिकडे जाऊन यावं. पाचशे वस्तीच्या गावाला बांबूचा हिशेब जमतो, तर कोटी टनांच्या खाणीला आपला हिशेब आमच्या फळ्यावर लिहायला काय हरकत असावी?

त्या दिवशी आष्टीची गाडी लागली तेव्हा काका उठले. थैली खांद्यावर घेतली, मग परत वळले आणि माझ्या हातातला पेन मागितला. सुरजागडच्या गोलाच्या कडेपासून त्यांनी एक रेघ ओढली, एटापल्ली, आलापल्ली, थेट आष्टीपर्यंत, आणि तिथून वर कोनसरीकडे. हात जरा थरथरत होता, रेघ वाकडी आली. रस्ताही तसा वाकडाच आहे.

"हा आमचा गाव," रेघेवर बोट ठेवून ते म्हणाले.

त्या नकाशाच्या मी झेरॉक्स काढून घेतल्या आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायच्या अर्जाला एक जोडतो आहे. रस्त्यावरच्या ज्या गावाला हवी असेल त्यानं बाकीच्यांतली घेऊन जावी.