पैसे देऊन पायपीट

ऐकलंत का? आमच्या तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी, कोपऱ्यावरून कोथिंबीर आण म्हटलं तर "ऑनलाइन मागव ना" म्हणणारी, ती गेल्या रविवारी पहाटे साडेतीनला उठली. कुणी हाक न मारता! आंघोळसुद्धा केली नाही (हे तिच्या आईने जिन्यात मला दोनदा सांगितलं), दार ओढून घेतलं आणि पुण्यातल्या नळ स्टॉपला जाऊन उभी राहिली. तिथून चाळीसेक अनोळखी पोरापोरींबरोबर बसमध्ये बसून गेली राजगडला. चालायला. पैसे देऊन.

पैसे म्हणजे हजारभर रुपये म्हणा ना. त्यात काय मिळतं? बसचं भाडं, वाटेत पोहे आणि अर्धा कप चहा, दुपारी गावातल्या एखाद्या घरी जेवण, आणि "अनुभवी ट्रेक लीडरचं मार्गदर्शन". हा अनुभवी ट्रेक लीडर कोण, याची मी नीट चौकशी केली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गणिताच्या एम-थ्रीची केटी दोनदा लागली, ती अजून सुटलेली नाही. पण चाळीस जणांना राजगडाच्या चोर दरवाज्यातून वर चढवून संध्याकाळी मोजून खाली आणतो म्हणे. विद्यापीठाला हे कळायला हवं, मोजदाद त्याला चांगली जमते.

बरं, हे खूळ एकट्या पुण्याचं नाही. मुंबईत शनिवारी रात्री शेवटच्या कसारा लोकलमध्ये एकदा चढून बघा. पाठीवर कासवासारखी सॅक, हातात वेफर्सचं पाकीट आणि तोंडात अंताक्षरी, अशी सगळी रुईया, रुपारेल, व्हीजेटीआय आडवीतिडवी बसलेली असते. कसाऱ्याला उतरायचं, जीपमध्ये कोंबून घ्यायचं, मध्यरात्र उलटल्यावर बारी गावात पोचायचं आणि अंधारातच कळसूबाई चढायला लागायचं. १६४६ मीटर! महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. सूर्योदय बघायचा असतो. सूर्य डोंबिवलीतही उगवतो, पण तो उठून कोण बघणार.

पुणेकरांचा हट्ट वेगळा. त्यांना कात्रज ते सिंहगड जायचं असतं, तेही रात्री, तेही टेकड्यांवरून. बोलीभाषेत याला के-टू-एस म्हणतात, म्हणजे हिमालयात गेल्यासारखं वाटतं. जुन्या बोगद्यापाशी, वाघजाईच्या देवळाजवळून सुरुवात करायची आणि एकामागून एक टेकडी चढायची, उतरायची, परत चढायची. समोर सिंहगडावरच्या मनोऱ्याचा लाल दिवा दिसत असतो. पहिल्या टेकडीवरून तो जेवढा लांब दिसतो, सातव्या टेकडीवरूनही तेवढाच लांब दिसतो. चौकशी केल्यावर कळलं की याच टप्प्यावर बहुतेकांच्या मैत्र्या जमतात आणि काहींच्या तुटतात. पाण्याची शेवटची बाटली कुणाकडे आहे, त्यावर ते ठरतं.

आता मुख्य प्रकरण सांगते. राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्यात बस पोचली की सगळ्यांना गोल उभं करतात. का? तर ओळख! नाव सांगायचं, कॉलेज सांगायचं, आणि स्वतःबद्दल एक गंमतीची गोष्ट सांगायची. वर्गात हजेरीला "यस सर" सुद्धा दुसऱ्याकडून म्हणवून घेणारी पोरं इथे पहाटेच्या गारठ्यात, धुक्यात, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, मी झोपेत बोलतो, मी बडीशेप घालून मॅगी करते, मला गायींची भीती वाटते, असं चाळीस परक्यांना सांगतात. गायींची भीती वाटणाऱ्या मुलाला पुढे माचीवर एक म्हैस भेटली, आणि ती हटेना. तेव्हा त्याला वाट काढून द्यायला वाडिया कॉलेजची एक मुलगी पुढे आली. दोघं उतरताना शेवटपर्यंत बरोबर होती. मी फक्त सांगतेय हं, मला काय करायचंय.

चोर दरवाज्याच्या अलीकडे वाट उभी होते, पावसात कातळ शेवाळतो, रेलिंगला धरून वर सरकावं लागतं. राजगडाला पाली दरवाज्याकडून चांगली ऐसपैस पायऱ्यांची वाट आहे. महाराजांच्या राजधानीचा राजमार्गच तो. पण लीडरमहाशय नेतात कुठून, तर चोर दरवाज्यातून. अडचणीच्या जागी "हात दे" म्हणावं लागतं ना! सपाट वाटेवर कोण कुणाला हात देतं? सह्याद्रीतला हा जुनाच शोध आहे, नव्या पिढीने फक्त त्याला ऑनलाइन पैसे भरायची सोय केली.

जुनाच म्हणते, कारण या विषयात आपले काका लोक फार सोवळे असल्याचं दाखवतात. "आमच्या वेळी असलं नव्हतं." आमच्या वेळी म्हणे मुक्कामी एसटीने वेल्ह्याला जायचं, पायात हंटर शूज, पाठीवर कॅनव्हासची पिशवी, खिशात 'सांगाती सह्याद्रीचा'मधल्या नकाशाची वहीत उतरवलेली नक्कल. राजगडावर पद्मावतीच्या देवळात मुक्काम, तीन दगडांची चूल, धुराने डोळे लाल आणि खाली लागलेली खिचडी. किल्ला चढण्याआधी गोनीदांचं 'दुर्गभ्रमणगाथा' वाचलेलं. सगळं खरं. पण याच काकांचं काकूंशी कुठे जमलं ते विचारा. तोरण्याच्या झुंजार माचीवर! मग लग्नात पत्रिकेवर "उभयतांच्या वडीलधाऱ्यांच्या संमतीने" छापलं, एवढंच. यांच्या काळातही गड हे निमित्तच होतं, फरक इतकाच की तेव्हा फोटो छत्तीसच निघायचे आणि रोल धुवायला टाकेपर्यंत पुरावा बाहेर येत नव्हता.

बुटांचा विषय निघालाच आहे तर ऐका. काकांच्या हंटरनंतर एक काळ 'अॅक्शन ट्रेकिंग' नावाच्या बुटांचा आला. दिसायला अगदीच बापडे, पण तळवा असा की ओल्या कातळावर घोरपडीसारखा चिकटेल. सह्याद्रीतल्या कित्येक पिढ्या त्याच्यावर वाढल्या, आणि खरे भटके अजूनही त्याच्यासाठी दुकानं पालथी घालतात. आताची पोरं डेकॅथलॉनमध्ये शिरतात आणि बाहेर पडतात तेव्हा एव्हरेस्टला निघाल्यासारखी दिसतात. पोंचो, हेडटॉर्च, दोन काठ्या, पाण्याची नळी असलेली सॅक. एवढं करून लोहगडाला जातात. लोहगडाला वर जायला चांगल्या पायऱ्या आहेत हो! मळवलीला लोकलमधून उतरून आजीबाई भाज्याची लेणी बघून वर जाऊन येतात, कापडी चपला घालून.

जेवणाचं तर बोलूच नका. घरी पिठलं केलं की नाक मुरडणारी ही जमात गावातल्या मावशींच्या ओसरीवर मांडी घालून बसते, आणि पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा फोडून, असं जेवते की मावशींना तिसऱ्यांदा पीठ मळावं लागतं. वर फोटो. "चुलीवरची भाकरी, स्वर्ग!" आईचा अपमान याहून मोठा काय असणार? तिच्याकडे गॅस आहे हाच तिचा गुन्हा. ताट स्वतः उचलून, धुऊन पालथं घालून ठेवतात हेही मला सांगितलं गेलं. ऐकून आईला चक्कर यायची बाकी होती. गडावर चढताना टप्प्याटप्प्याने मावशींच्या पोरींनी लिंबू सरबत आणि ताक मांडलेलं असतं, त्याचा भाव उंचीबरोबर चढतो. तो चढायलाच हवा. तिथे हंडा खालून डोक्यावर आणावा लागतो, आणि पाण्यासाठी घासाघीस करणारा पोरगा खाली उतरल्यावर कॅफेत अडीचशेची कॉफी पितो.

काजव्यांचं प्रकरण मात्र ऐकून मी खरोखरच गालावर हात ठेवला. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याकडे, पुरुषवाडीकडे झाडंच्या झाडं लुकलुकतात. ती लुकलुक म्हणजे काजव्याच्या नराने मादीला केलेली खूण. बिचाऱ्याचं पंख फुटल्यानंतरचं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं, त्यात अंधार हे त्याचं एकुलतं एक भांडवल. आणि हे शहरातले नर-मादी तिथे जाऊन मोबाइलचे टॉर्च लावून उभे! काजव्याला मादी दिसेना, मादीला काजवा दिसेना, आणि यांना एकमेकांचे चेहरे मात्र छान दिसतात. वनखात्याने गाड्यांचे दिवे बंद ठेवा, टॉर्च लावू नका, झाडाला हात लावू नका म्हणून पाट्या लावल्या. पाट्यांचेही फोटो निघाले.

हरिहर गडाची गोष्ट याहून लांबलचक, कारण तिथे रांगच लांब असते. त्र्यंबकेश्वरजवळ, निरगुडपाड्याकडून वर गेलं की उभ्या कड्यात कोरलेल्या पायऱ्यांचा तो जिना. शिडीच म्हणा. प्रत्येक पायरीला हात अडकवायला खोबणी केलेल्या. १८१८ साली इंग्रजांनी नाशिककडच्या कितीतरी गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, हा जिना राहिला. दोनशे वर्षांनी त्याला रीलवाल्यांनी गाठलं. पावसाळी रविवारी तिथे वरून येणारे आणि खालून जाणारे एकाच जिन्यावर, एकाच वेळी, नाकासमोर नाक. वर जाणाऱ्याला थांबायला जागा नाही, खाली येणारा कड्याकडे तोंड करून उलटा उतरतोय आणि त्याचा बूट नेमका तुमच्या डोक्याशी. मधेच कुणीतरी एका हाताने खोबण धरून दुसऱ्या हातात मोबाइल उंच धरतो. चप्पल घालून आलेली मंडळीही असतात. इथे मला थट्टा सुचत नाही. घसरला तर तो एकटा पडत नाही, खालची अख्खी रांग घेऊन जातो.

म्हणून दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश निघतात. धबधब्यांवर बंदी, धरणाच्या सांडव्यावर बंदी, अमुक गडावर संध्याकाळनंतर बंदी. २०२१ साली राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांनी नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसं ठेवावीत असं त्यात आहे. पण इन्स्टाग्रामवर एक लोगो आणि एक यूपीआय क्रमांक टाकला की ग्रुप तयार होतो, आणि दुसऱ्या रविवारी बस निघते. कुणी दरीत अडकलं की मग लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची पोरं रात्री-अपरात्री दोर घेऊन धावतात, स्वतःची नोकरी-धंदा सांभाळून. त्यांच्या त्या धावपळीचं रील कुणी करत नाही.

त्यात जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा गड जागतिक वारशाच्या यादीत घातले. राजगड, लोहगड, साल्हेर, शिवनेरी, रायगड, प्रतापगड... जिंजी तमिळनाडूतला, बाकी अकरा आपले. झालं! आता पोरांना उत्तरही मिळालं. "आई, मी वर्ल्ड हेरिटेजला चाललोय." यावर कोणती आई नाही म्हणेल? परीक्षेच्या आदल्या रविवारी गेलं तरी इतिहासाचा अभ्यास होतो. मुलगा कॉमर्सला असला तरी.

मी एवढी नाकं मुरडते आहे, पण आतली बातमी अशी की ही पोरं वर जाऊन खरंच गप्प बसतात. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून संजीवनी माचीची नागमोडी तटबंदी ढगांतून दिसली की रेंज गेल्याची तक्रारही कुणी करत नाही. रेंज असतेही कुठे. आणि एकाच्या पायाला गोळा आला तर दुसरा न सांगता त्याची सॅक आपल्या छातीवर अडकवतो. घरात बहिणीची छत्री उचलून न देणारा हाच तो. हे पाहिल्यावर माझं मत ठरलं. पोरं बिघडलेली नाहीत, गर्दी बिघडली आहे.

तेव्हा ज्यांच्या घरात हे खूळ शिरलंय त्यांना एवढंच सांगणं. पोराला जाऊ द्या, पण ग्रुपच्या लीडरला तीन प्रश्न विचारा: माणसं किती, दोर आणि प्रथमोपचाराची पेटी आहे का, आणि सगळ्यात शेवटी कोण चालतो. शेवटच्या माणसाचं नाव त्याला झटकन सांगता आलं नाही तर पैसे परत मागा. आणि पोरांनो, तुम्हालाही एक. रविवारी हरिहरला जाऊ नका, मंगळवारी जा. कॉलेज बुडेल म्हणता? पाय दुखतात म्हणून दर सोमवारचं बुडतंच आहे. त्याऐवजी मंगळवारचं बुडवा, जिना तरी मोकळा मिळेल.