इंग्रजीची रोजकीर्द

सोयाबीनचे कट्टे घेऊन वाशिमच्या बाजार समितीत उभा राहिलेला शेतकरी दिवसभरात किती इंग्रजी बोलतो, हे एकदा मोजायला हवं. 'मॉइश्चर किती आलं?' इथून त्याची सुरुवात होते, आणि आकडा बाराच्या पुढे गेला की चेहरा पडतो. म्हणजे शब्द नुसता पाठ नाही, काळजात उतरलेला आहे. गावाकडून फोन येतो की डीपी जळाली, फिडर बंद आहे, मोटार स्टार्ट होत नाही. अनुदान अडलं आहे, कारण केवायसी झालेली नाही. केवायसी अडली आहे, कारण ओटीपी आला तो पोराच्या मोबाइलवर, आणि पोरगा अकोल्याला अप-डाऊन करतो. या 'अप-डाऊन'चा अर्थ लंडनच्या माणसाला लागणार नाही, पण तो त्याचा कच्चेपणा. एवढं सगळं एका दमात बोलून झाल्यावर हाच गृहस्थ शपथेवर सांगतो, "आपल्याले काई इंग्लिश येत नाई बाप्पा." माझं म्हणणं असं की तो खोटं बोलत नाही, हिशेब चुकीचा मांडतो. वाशिम जिल्ह्यात इंग्रजीच्या मालाची टंचाई नाही. टंचाई आहे ती रोजकिर्दीची. माल येतो, जातो, थोडा सडतो, थोडा उंदीर खातात, आणि संध्याकाळी त्याची नोंद कोणीच करत नाही. अडत्याकडे रोजकीर्द असते, बचत गटाकडे वही असते. इंग्रजीच्या बाबतीत मात्र अख्खा जिल्हा तोंडी व्यवहारावर चालतो, आणि तोंडी व्यवहाराचं पुढे काय होतं हे शेतकऱ्याला निराळं सांगायला नको.

शिकवणं उशिरा सुरू होतं म्हणावं, तर तेही नाही. महाराष्ट्राने २००० साली इंग्रजी पहिलीपासून आणलं. त्या वर्षी पहिलीत बसून 'ए फॉर ॲपल' ओरडणारी पिढी आता तिशी ओलांडून आपल्या मुलांसाठी चांगला इंग्रजी क्लास शोधते आहे. 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी मुलं निम्म्याहून थोडी कमीच भरली. मग भिंतीवर 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'ची जाहिरात दिसते. फाडफाड हा शब्द तसा प्रामाणिक आहे. काहीतरी फाटतं खरं, बहुधा बापाचा खिसा. पण हे दुखणं आपलंच आहे असं समजून खाली मान घालायचं कारण नाही. कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुलं वर्षानुवर्षं शाळेचे विषय फ्रेंचमधून शिकत होती. ऐकलेलं त्यांना छान समजायचं, बोलायची-लिहायची वेळ आली की गाडी अडायची. मेरिल स्वेन या संशोधिकेने त्यावरून १९८५ मध्ये मांडलं की कानात ओतलेली भाषा पुरत नाही; ती बाहेर काढावी लागते, कारण बाहेर काढतानाच आपल्याकडे काय नाही ते उमगतं. आपल्याकडे हे सांगायला विद्यापीठ लागत नाही. शेत कितीही हिरवंगार दिसो, काढणी झाल्याशिवाय एकरी उतारा कळत नसतो.

रोजकीर्द म्हणजे ही रोजची काढणी. रात्री तीन ओळी, बस. आज इंग्रजीत काय बोललो किंवा वाचलं, ही जमेची बाजू; कुठे अडलो, ही नावेची; आणि तेच उद्या कसं म्हणीन, ही तिसरी. लिहायचं मराठीत, मराठीत मांडला म्हणून रुपया कमी भरत नाही. याला मोठ्या शब्दात आत्मपरीक्षण म्हणतात, आणि आत्मपरीक्षण म्हटलं की आपल्याला एकतर हिमालय आठवतो, नाहीतर निवडणूक हरलेला पक्ष. वास्तविक या जिल्ह्याला ती घरचीच गोष्ट आहे. कारंजा आणि शिरपूर ही जैनांची मोठी ठिकाणं, आणि जैन परंपरेत प्रतिक्रमण आहे: संध्याकाळी दिवसाचा आढावा, सकाळी रात्रीचा, शिवाय पंधरवड्याचा, चार महिन्यांचा आणि वर्षाचा. मोठमोठ्या कंपन्या 'रिव्ह्यू' नावाने जे करतात, त्याचं वेळापत्रक इथे कंपन्या जन्माला येण्याआधीपासून लागलेलं होतं. व्याकरणाच्या चुकीला पापाचा मान द्यायचं कारण नाही. पण चूक आठवायची ती कवटाळून बसण्यासाठी नव्हे तर मोकळं होण्यासाठी, ही त्यातली रीत उसनी घेण्यासारखी आहे.

याला पुरावा काय? हरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरगट पाठ करून, ते किती वेगाने विसरतो याचा हिशेब १८८५ मध्ये छापला. पहिल्या दिवसातच निम्म्याहून जास्त माल गायब! म्हणजे क्लासची फी मंगळवारी भरली आणि बुधवारी पाहिलं तर पोत्याला भोक. विसरण्याआधी आठवून पाहणं हाच त्या भोकाला टाका. अलीकडचा दाखला भारतातलाच आहे. विप्रोच्या नव्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना प्रशिक्षणाच्या दिवसातली शेवटची १५ मिनिटं आज काय शिकलो ते लिहून काढायला दिली; बाकीचे तेवढा वेळ कामच करत राहिले. शेवटच्या परीक्षेत लिहिणारे सुमारे २३ टक्क्यांनी पुढे निघाले. आता रोजकिर्दीची वकिली करायची तर दुसरी बाजूही नोंदवायला हवी: या अभ्यासाच्या लेखकांपैकी एका प्राध्यापिकेवर पुढे दुसऱ्याच काही शोधनिबंधांतल्या आकड्यांत फेरफार केल्याचा ठपका आला. आत्मपरीक्षणावर लिहिणाऱ्यांनाही ते लागतंच. म्हणून तो २३ मी दगडावर कोरणार नाही. पण मॉइश्चरच्या यंत्रावर संशय आला तरी दाणा दाताखाली धरून पाहता येतो.

तो दाताखालचा पुरावा म्हणजे गावातला बचत गट. 'उमेद' या बचत गटांच्या सरकारी अभियानाची पंचसूत्री बायकांना तोंडपाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नोंदी. यातल्या नोंदी तेवढ्या काढून टाका. उरलेली चार सूत्रं महिन्याभरात भांडणात जमा होतील. मला हवा आहे तो शब्दांचा बचत गट, आणि समाजाची गरज आहे ती इथे. एकट्याने लिहिलेली डायरी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मरते, हा जागतिक अनुभव आहे. गटात मात्र आठवड्याला वही उघडून दाखवायची असते. एकीला बँकेत 'नॉमिनी'चा अर्थ लागला, तो दुसरीने पुढच्या आठवड्यात विम्याच्या फॉर्मवर वापरला, की झालं अंतर्गत कर्ज. व्याज नाही, जामीनदार नाही, आणि देणारीची शिल्लक तिळभर कमी होत नाही. ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य सरकार यांनी निवडक जिल्ह्यांत चालवलेल्या 'तेजस' प्रकल्पात इंग्रजीच्या शिक्षकांचे असेच गट होते: ठरावीक दिवशी जमायचं आणि वर्गात काय साधलं, काय फसलं ते एकमेकांना सांगायचं. जे गुरुजींना मानवतं ते गावाला बाधणार नाही.

यावर पहिला आक्षेप सगळ्यात जुना: लोक हसतील. हसतीलच, वऱ्हाडातलं हसू तर शेजारच्या गल्लीतही ऐकू जातं. पण कोणाच्या चुकीला हसायचं हे आपण कधी नीट ठरवलेलं नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं आणि त्यांच्या दप्तरात वाशिमचं 'बासिम' झालं. त्या नावाचा जिल्हाही होता. तो १९०५ मध्ये मोडला, आणि वाशिमला पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. साहेब आपल्या गावाचं नाव भलतंच लिहीत राहिला, त्याला कोण हसलं? चुकणाऱ्याच्या हातात शिक्का असला की चुकीला स्पेलिंग म्हणतात. साहेबाला 'बासिम'ची लाज वाटली नाही. मग त्याच्या भाषेत 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हटल्याची आपल्याला का वाटावी? दोन्ही भाऊ तर शाबूत आहेत! साहेबाने आपली चूक नावे टाकली नाही, म्हणून ती सुधारली नाही, एवढाच त्यातला धडा. शिवाय गटात सगळ्यांच्याच वह्या उघड्या असतात, त्यामुळे हसणाऱ्याची पाळी पाचच मिनिटांत येते. सगळेच कर्जदार असले की सावकार उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: नोंद ठेवणारालाच येत नसेल, तर तपासणार कोण? हे बऱ्याच अंशी खरं आहे. उच्चार असे घरच्या घरी सुधारत नाहीत, त्यासाठी चांगलं बोलणारा माणूस ऐकावाच लागतो. पण आपल्या चुका वाऱ्यावर आलेल्या नसतात. त्या एकाच कारखान्यातून निघतात आणि तो कारखाना मराठीचा. 'दोन वर्षांपासून' मनात असतं, म्हणून तोंडातून 'सिन्स टू इयर्स' येतं. इंग्रजीला सुरुवात सांगायची तर 'सिन्स' लागतं आणि लांबी सांगायची तर 'फॉर', आपला 'पासून' बिचारा दोन्ही कामं एकट्याने करतो. मराठीत दारही बंद होतं आणि दिवाही, म्हणून 'क्लोज द लाइट'. ही वेंधळेपणाची खूण नाही, पक्की मराठी येत असल्याची पावती आहे. एकट्याला ती चूक म्हणजे आपलीच अक्कल कमी असं वाटतं. पाच वह्यांत एकच चूक दिसली की साचा दिसतो. मग तेवढा एकच प्रश्न शाळेतल्या बाईंना विचारायचा किंवा शब्दकोशात पाहायचा. उत्तर मिळालं नाही तर 'येणे' म्हणून पुढच्या पानावर ओढायचा. येणे बाकी ठाऊक असणं हीसुद्धा मालमत्ताच आहे. बुडतं ते विसरलेलं.

तिसरा आक्षेप बांधावरून येतो: "सोयाबीन सोंगू का डायरी लिहू?" सोंगणीच्या दिवसांत सोयाबीनच सोंगावं. त्या आठवड्यात तीन ओळी तोंडाने म्हटल्या तरी चालतील, आणि तेही नाही जमलं तर मजुराचा मांडतात तसा आपलाही खाडा मांडावा. खाडा मांडणारा माणूस परत कामावर येतो, न मांडणारा गाव सोडतो. याच बांधावर एक तरुण मोबाइल दाखवून म्हणतो, हे सगळं भाषांतर करतं की! करतं, आणि झकास करतं. पण काट्यावरचा आकडा दिसतो म्हणून आपण वजनाकडे पाठ फिरवत नाही. यंत्राने दिलेलं वाक्य आपल्याला हवं तेच बोलतं का, हे पाहायला स्वतःजवळ थोडं भांडवल लागतंच. शिवाय मुलाखतीच्या खोलीत मोबाइल बाहेर ठेवून जावं लागतं, डोकं आत नेता येतं.

शेवटचा आक्षेप आदराने ऐकावा असा: घरोघर इंग्रजीच्या वह्या झाल्या, तर मराठीचं काय? वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथे सापडलेल्या विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा तपशील प्राकृतात. म्हणजे वाशिमचं सेमी-माध्यम सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं: मिरवायचं ते मोठ्या भाषेत, आणि जिथे चूक परवडत नाही तो व्यवहार आपल्या भाषेत. रोजकीर्द मराठीत ठेवा म्हणतो ते याचसाठी. वाकाटकांच्या अनेक ताम्रपटांच्या आरंभी 'दृष्टम्' असा एक शब्द कोरलेला आढळतो. पाहिलं, मजकूर नजरेखालून गेला, असा त्याचा अर्थ लावतात. जिथे राजाचं दानपत्रही तपासल्याशिवाय सुटत नव्हतं, तिथे आपल्या 'सिन्स टू इयर्स'ला सवलत कशाला? रात्री तीन ओळी लिहाव्यात, वर 'पाहिलं' एवढा शब्द टाकावा आणि लाइट बंद करावी. बंद करण्याला इंग्रजीत काय म्हणायचं, ते सकाळपर्यंत येणे.