रफ शिका, घरच्या घरी

'रफ' हे इंग्रजी विशेषण शिकायला पूर्वतयारी लागत नाही. फक्त स्पेलिंगकडे बघायचं नाही. आमच्या वर्गात एकाने बघितलं आणि मोठ्याने 'रौघ' वाचलं. दहावीपर्यंत त्याला सगळे रौघच म्हणायचे.

आधी उच्चार. ओ, यू, जी, एच ही चार अक्षरं इंग्रजांनी सासरी-माहेरी वेगळं वागणाऱ्या पोरीसारखी वापरली आहेत. त्यांच्याआधी सी आला तर 'कॉफ', टी-एच आले तर 'दो', त्यात आर घुसला तर 'थ्रू', बी आला तर 'बाव'. आणि नुसता आर आला की 'रफ'. नियम विचारू नये, नियम नाही. कारण मात्र आहे. जुन्या इंग्रजीत त्या जागी घसा खरवडून काढायचा, आपल्या 'ख'च्या जवळचा आवाज होता. पुढे तो इंग्रजांना सोसेना. काही शब्दांत त्याचा 'फ' झाला, काहींत तो नाहीसाच झाला आणि भाडेकरू गेल्यावरही दारावर त्याची पाटी राहावी तसं स्पेलिंग राहिलं. म्हणजे खरखर सांगणाऱ्या शब्दातली खरखरच आधी घासून काढली! जर्मनांनी आपल्या भावंड-शब्दाच्या शेवटचा मुका एच १९९६च्या शुद्धलेखन-सुधारणेत काढून टाकला. इंग्रजांना ते अजून जमलेलं नाही. आपल्याकडे अरविंद मिल्सला जमलं. नव्वदच्या दशकात त्यांनी शिवून घ्यायच्या जीन्सचं पाकीट काढलं, 'रफ अँड टफ'. आर-यू-एफ, टी-यू-एफ. विषय संपला.

आता अर्थ. शब्दकोश म्हणतो, जे हाताला गुळगुळीत लागत नाही ते रफ. इथे मराठी विद्यार्थी अडतो, कारण एवढ्यावर त्याचं भागत नाही. रस्ता खडबडीत असतो, भांडी घासून हात राठ होतात, दळण भरड येतं, घोंगडी खरखरीत लागते, न घडवलेला दगड ओबडधोबड. बेसनाचा लाडू तर रवाळच हवा. तोंडात टाकल्यावर कौतुकाने 'काय रफ झालाय' म्हणून बघा, पुढच्या दिवाळीला डबा येणार नाही.

त्यामुळे हा शब्द मराठीत आला खरा, पण त्याच्या मूळ कामाची जागा इथे भरलेलीच होती. मग त्याला पडेल ते काम मिळालं. कुणाला दाखवायची नसते ती रफ वही. पावसाळ्यात घालायच्या त्या रफ चपला. 'गाडी रफ चालवतो' म्हणजे शेजारी बसू नये. 'रफ एस्टिमेट' म्हणजे ज्याच्याशी शेवटच्या बिलाचा काहीही संबंध नसतो तो आकडा. नवशिक्यांनी तो लिहून घ्यावा आणि घरात कुणाला सांगू नये.

हाताने काम करणाऱ्यांकडे मात्र शब्द आपल्या मूळ अर्थात टिकला आहे. शहाबादी फरशी घ्यायला जा, दुकानदार पहिला प्रश्न विचारेल, 'रफ की पॉलिश?' उत्तर पायाने द्यायचं असतं: मोरीत आणि अंगणात, जिथे घसरून पडायची भीती, तिथे रफ. पॉलिश पेपरचं गणित उलटं आहे. नंबर जितका लहान तितका पेपर रफ. साठ नंबरचा खरवडतो, चारशेचा गोंजारतो. मी एकदा मोठ्या आत्मविश्वासाने सगळ्यात मोठा नंबर मागितला होता. आख्खा रविवार गंजलेल्या फाटकाला गोंजारण्यात गेला.

हिऱ्यांच्या बाजारात तर 'रफ' हे विशेषण राहिलेलंच नाही, तिथे तो माल आहे: पैलू न पाडलेला हिरा. क्रिकेटमध्ये ती जागा आहे. चेंडू टाकून झाल्यावर गोलंदाजांचे बूट खेळपट्टी उकरतात, तो पट्टा म्हणजे रफ. १९९८ साली चेपॉकच्या कसोटीत शेन वॉर्न लेग स्टंपबाहेर नेमका तिथेच चेंडू टाकणार, हे ओळखून सचिन तेंडुलकरने लक्ष्मण शिवरामकृष्णनला सरावात तिथेच टाकायला लावलं होतं. पहिल्या डावात ४ धावांवर वॉर्ननेच काढलं, दुसऱ्या डावात नाबाद १५५. 'रफ'चा प्रात्यक्षिक पाठ याहून चांगला माझ्या पाहण्यात नाही.

स्वाध्याय. पुढील वस्तूंवरून सावकाश बोट फिरवा आणि प्रत्येकीसाठी वेगळा मराठी शब्द लिहा: नवी घोंगडी, दोन दिवसांची दाढी, नारळाची करवंटी (बाहेरून), मांजराची जीभ. 'रफ' लिहिल्यास गुण मिळणार नाहीत. शेवटचा प्रश्न ऐच्छिक आहे.