झेंगसाहेबांचा 'उप'

चीनच्या झेज्यांग प्रांतात यीवू नावाचं शहर आहे. खेळणी, छत्र्या, किल्लीच्या कड्या असला माल जगभर पाठवणारा तिथला घाऊक बाजार प्रसिद्ध. तिथल्या एका कंपनीत झेंगसाहेब बरीच वर्षं उपमॅनेजर होते. अर्थात हाक मारताना तो 'उप' कुणी उच्चारत नसे. तो गिळून टाकणं हा तिकडचा शिष्टाचार. पंचाईत आडनावाची होती. 'झेंग' हा उच्चार 'मुख्य' या शब्दाचाही. आणि त्यांचे खरे मुख्य होते फू, ज्याचा उच्चार थेट 'उप'! दोघं शेजारी उभे असले की नवखा माणूस हमखास झेंगसाहेबांचा हात आधी हातात घेई, आणि झेंगसाहेबांना घाम फुटे.

म्हणून फूसाहेबांसमोर पंचेचाळिशीतले झेंग स्वतःची ओळख 'श्याओ झेंग', म्हणजे धाकटा झेंग, अशी करून देत. फूसाहेब लिफ्टमध्ये शिरले रे शिरले की आवाज एक पट्टी खाली यायचा. "आपलं थोर आडनाव?" असं कुणी विचारलं की, "थोर कसलं, झेंग!" मग दोन्ही हातांनी, अक्षरं समोरच्याकडे करून कार्ड पुढे. स्वतःचा हुद्दा तोंडाने सांगू नये. पण समोरच्याने तो वाचेपर्यंत झेंगसाहेब कार्ड सोडत नसत.

फोनवर आडनाव फोडून सांगावं लागे: "'बंद'चं अक्षर, त्याच्या बाजूला कान!" ते ऐकून बायको म्हणायची, पूर्वजांनी माणूस ओळखून नाव ठेवलंय. मुंबईच्या व्यापाऱ्यांपुढे ते 'जॅक' होत आणि दुसऱ्या चहाला 'जॅकभाई'. शाळेच्या वीचॅट ग्रुपवर ना झेंग ना जॅक. लेकीचं नाव आणि पुढे 'बाबा', एवढंच. तिथे त्यांना हुद्दा लावायला वावच नव्हता, तरी फोटो मात्र ऑफिसच्या खुर्चीतला.

यंदा फूसाहेब निवृत्त झाले आणि झेंगसाहेब मॅनेजर झाले. नवी कार्डं आली, खोली बदलली. सकाळी ऐटीत ऑफिसात शिरले, तर जो तो म्हणाला, "या, झेंग मॅनेजर!" कालही हेच म्हणत होते, परवाही हेच. बढती कुणाच्या तोंडून ऐकूच येईना. चार दिवस वाट पाहून त्यांनी आपल्या जुन्या जागी एक तरुण नेमला आणि भर मीटिंगमध्ये त्याची ओळख स्वतः करून दिली, 'उप'वर चांगला जोर देऊन.