भोगावतीबाई, खुलासा करावा

प्रति,
श्रीमती भोगावतीबाई,
राहणार: हेटवण्याचे डोंगर ते धरमतरची खाडी, मार्गे पेण.

विषय: आपल्या एकूण वागणुकीबाबत खुलासा सादर करणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मी आपल्या काठावरचा, घरपट्टी-पाणीपट्टी मुदतीत भरणारा रहिवासी आहे. रोह्याच्या एका कचेरीत बत्तीस वर्षं आवक-जावक टेबल सांभाळून निवृत्त झालो. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा अशी स्टेशनं मोजत रोज गेलो आणि रोज आलो. कागद कुठून आला, कुठे गेला आणि मध्ये कुणाच्या टेबलावर कुजला, हे वासावरून ओळखायची मला सवय आहे. वासाचा मुद्दा पुढे येईलच.

निवृत्तीच्या पैशांतून तुमच्या काठी दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. जाहिरातीच्या कागदावर ‘नदीकिनारी, निसर्गाच्या कुशीत’ असं छापलेलं होतं. शेवटचा चेक वटला आणि त्याच आठवड्यात बिल्डरचा माणूस पार्किंग दाखवताना म्हणाला, “काका, त्या भिंतीपलीकडे जाऊ नका, तिकडे नाला आहे.”

तेव्हा पहिला खुलासा हा करावा की तुम्ही नक्की कोण? घर विकताना तुम्ही नदी असता, ताबा देताना नाला. अनंत चतुर्दशीला संध्याकाळी तुम्ही माता असता, दुसऱ्या दिवशी सकाळी गटार. खाली अंतोऱ्याकडे गेल्यावर खाडी म्हणवून घेता. एका बाईने एवढी नावं लावली तर तिला रेशनकार्डसुद्धा मिळायचं नाही. आणि यात नुसता नावाचा घोळ नाही. मी कचेरीतला माणूस, मला माहीत आहे: नदी म्हटलं की फाइल एका खात्याकडे जाते, नाला म्हटलं की दुसऱ्या, खाडी म्हटलं की तिसऱ्या. मग तिन्ही खाती एकमेकांना ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ लिहीत बसतात आणि तुम्ही तिघींच्या नावाने एकट्या वाहता. (‘भोगावती’ या नावावर मी कोटी करणार नाही. ती पेणमध्ये चार पिढ्यांनी करून झालेली आहे.)

आता तुमच्या आवकेकडे येऊ.

तुमची मूळ आवक डोंगरातली. ती हेटवण्याला धरणात जमा होते आणि तिथून बऱ्याच अंशी नवी मुंबईला प्रतिनियुक्तीवर जाते. प्रतिनियुक्तीवर गेलेला माणूस मूळ कचेरीत परत येत नाही, हा सेवेतला अनुभव आहे. पाणीही येत नाही. हे पाणी तिथल्या टॉवरांच्या विसाव्या मजल्यावर चढतं, याचा मला पेणकर म्हणून अभिमान वाटायला हवा, आणि वाटतोही. फक्त तो उन्हाळ्यात जरा कमी वाटतो. कारण त्याच उन्हाळ्यात पेणच्या खारेपाटात, वाशी-शिर्कीकडे, टँकरचा हॉर्न वाजला की बायका हातातलं काम टाकून हंडे उचलतात. त्या गावांना तिन्ही बाजूंनी पाणी आहे, आणि ते सगळं खारं आहे. ज्या आगऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या चिखलाचे बांध घालून समुद्राकडून शेत मिळवलं, ओहोटीला उघाडी उघडायची आणि भरतीला बंद ठेवायची हे गणित ज्यांच्या अंगात भिनलं आहे, त्यांना गोड पाण्याची उघाडी कुणाच्या हातात आहे ते मात्र अजून सापडलेलं नाही. त्यांना तुम्ही काय उत्तर देता? की तुमचंही ‘वरून पत्र आलेलं नाही’?

तर डोंगरातली आवक वर अडली. असं असूनही मार्च-एप्रिलमध्ये शहरातून तुम्ही काही ना काही वाहताच. मला यात गैरव्यवहाराचा वास आला. ज्या टेबलावर आवक शून्य, त्या टेबलावरून जावक होते कशी? म्हणून गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी चपला हातात घेऊन तुमच्या काठाने चालत गेलो आणि वहीत एकेक नोंद करत गेलो.

पहिली नोंद मच्छीवाल्यांच्या ओट्यांमागची, बर्फाचं वितळलेलं पाणी आणि खवले. मग एक गॅरेज. तिथे तुमच्या अंगावर मोरपंखी तवंग होता, लांबून देखणा दिसत होता. मग गणपतीच्या कारखान्याची मागची बाजू. रंगाचे ब्रश धुतलेलं पाणी येत होतं, आधी पीतांबराचं पिवळं, मग शेल्याचं गुलाबी, मग उंदराचं राखाडी. त्यावरून आत कुठपर्यंत काम आलं आहे ते कळत होतं. मग नुसत्या इमारती. प्रत्येक इमारतीमागून एक पाइप. शेवटचा पाइप चार इंची होता आणि त्यातून फिकट निळसर फेस येत होता. त्या साबणाचा वास मला ओळखीचा वाटला. वर पाहिलं तर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत माझा टॉवेल वाळत होता.

ती नोंद मी वहीत पेन्सिलीने केली आहे. जरूर पडल्यास खोडता यावी.

म्हणजे ज्या वासाबद्दल मी तुमच्याविरुद्ध तीन अर्ज केले, तो वास तुमचा निघाला नाही. पण अर्ज झालेले आहेत, त्यांना जावक क्रमांक पडलेले आहेत. एकदा क्रमांक पडलेला कागद मागे घेण्याची पद्धत नाही. तेव्हा तुम्हीच काही तडजोड सुचवावी.

गणपतीच्या बाबतीत आमचा-तुमचा जुना व्यवहार आहे. पेण, हमरापूर, जोहे, कळवे इथे वर्षभर गणपती होतात. गणपती गेले की थोडे दिवस हात रिकामे, मग पुन्हा साचे निघतात. घरातली माणसं, बाहेरून आलेले कारागीर, रंगकाम करणाऱ्या बायका, सगळ्यांचं वर्ष त्यावर चालतं. मात्र एक गोष्ट तुम्ही मनाला लावून घेतली असेल तर मला नवल वाटणार नाही. शाडू येतो गुजरातेतून, भावनगरकडून. प्लास्टरचा जिप्सम राजस्थानातला. मूर्ती जातात मुंबईला आणि साता समुद्रापार. या सगळ्या धंद्यात तुमच्या काठची माती कुठेच लागत नाही. तुमच्या वाट्याला फक्त शेवट येतो.

आणि प्लास्टरचा शेवट लवकर होत नाही. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतो, आणि ऑक्टोबरनंतर तुमच्याकडे लिटर किती असतात ते मी मोजलेलं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं २०१० साली काढली, १२ मे २०२० ला ती सुधारून प्लास्टरला बंदी सांगितली, मग मुदती, मग याचिका. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयात असं ठरलं की प्लास्टरच्या मूर्ती करता येतील, नैसर्गिक पाण्यात बुडवता येणार नाहीत. त्यामुळे आता नदी असून शेजारी हौद लागतो. माझी विनंती एवढीच की हौदाच्या बाजूला उभं राहून तुम्ही अशा केविलवाण्या दिसू नका. भक्तांचं लक्ष विचलित होतं.

मूर्तिकाराला मात्र मी या पत्रात ओढणार नाही. शाडूची मूर्ती जड, वाळायला वेळ घेणारी, वाटेत तडकणारी. आणि गिऱ्हाइकाला चार फुटी हवी, हलकी हवी, शिवाय मागच्या वर्षीच्याच भावात हवी. ते गिऱ्हाईक मीच. मागच्या वर्षी मी घासाघीस करून दोनशे रुपये उतरवले, आणि सोसायटीच्या सभेत पर्यावरणावर पाच मिनिटं बोललो.

दुसरा गंभीर आरोप जुलैतला. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ असं आम्ही गणपतीला म्हणतो; ते निमंत्रण तुम्हाला नव्हतं. तुम्ही मात्र दरवर्षी त्याच्या दीड-दोन महिने आधी येता आणि पायपुसण्यावर पाय न पुसता थेट आत येता. तळमजल्यावरच्या वहिनींच्या पिठाच्या डब्यापर्यंत तुमची मजल गेली आहे. यावर तुमचा नेहमीचा बचाव मला ठाऊक आहे: वर डोंगरात मुसळधार, खाली पौर्णिमा-अमावास्येचं उधाण, साडेचार मीटरच्या वरची भरती, पाण्याने जायचं कुठे? खाडीचं तोंड बंद आणि पाठीमागून लोंढा, मग मी पसरणार नाही तर काय करणार? बचाव तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण पसरायला तुम्ही आमचं पार्किंगच का निवडता? तिथे पूर्वी तुम्ही पसरत होता, भातखाचरं होती, असं जुने लोक सांगतात. जुन्या लोकांचं सातबाऱ्यावर नाव नाही. तुमचंही नाही. मी स्वतः जाऊन पाहिलं.

२६ जुलै २००५ ची नोंद मात्र मी या पत्रात घेत नाही. त्या दिवशी सगळ्या रायगडाने पाणी पाहिलं. रोजच्या गाडीत नागोठण्याला अंबा नदी दिसायची तेव्हाही आमच्या डब्यातला गप्पांचा आवाज खाली यायचा. १९८९ च्या जुलैतल्या पुरात तिने जांभूळपाड्याला काय केलं ते आठवणारे लोक डब्यात असायचे. त्या नदीवर मी उपरोधाने लिहू शकत नाही.

तुमच्या माहितीसाठी शेजारच्या तालुक्यातल्या एका समव्यवसायी बाईंचं उदाहरण देतो. रोह्याच्या कुंडलिकाबाई. त्यांची आवक पाहा! मुळशीचं पाणी, जे रीतसर मुळा-मुठा, भीमा, कृष्णा अशा मार्गाने बंगालच्या उपसागराला जायचं, ते सह्याद्रीवरून खाली बदलीवर आलं. १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी आणि सेनापती बापटांनी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तुरुंग भोगला; धरण झालं, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. तेव्हापासून मुंबईच्या विजेसाठी पडलेलं पाणी कुंडलिकेला मिळतं. ऐन मे महिन्यातही बाई भरलेल्या. सकाळी भिऱ्याहून पाणी सुटलं की कोलाडला शहरी मंडळी शिरस्त्राणं घालून रबरी होडीत बसतात आणि पैसे देऊन किंचाळतात. आम्ही तुमच्या काठी फुकट किंचाळतो, त्याला कुणी पर्यटन म्हणत नाही.

पण तेच पाणी थोडं खाली धाटावच्या रासायनिक वसाहतीपाशी येतं. पुढच्या पाण्यात बोट बुडवायचे कुणी पैसे दिले तरी लोक विचार करतील. २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी निघाली. त्यात महाराष्ट्राचे ५३, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. त्या ५३ मध्ये कुंडलिकाबाईंचं नाव आहे. बारमाही आवक असली म्हणजे शुद्ध राहता येतं असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. मी रोज संध्याकाळी गाडीची वाट पाहताना रोह्याच्या कोळ्यांशी बोलायचो. एकजण म्हणायचा, “साहेब, मासा पाण्याचा रंग बघून परत जातो. आम्हाला परत जायला जागा नाही.” हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं. कोणत्या फाइलला लावायचं ते कळलं नाही, म्हणून तसंच राहिलं.

आणखी एक. अंतोऱ्याला एके काळी बंदर होतं, भरतीबरोबर गलबतं आत येत, पेणचं मीठ आणि तांदूळ मुंबईला जात. म्हणजे तुम्ही एकेकाळी शहराची जावक सांभाळत होता, माझ्यासारखीच. व्यवसायबंधू म्हणून सांगतो, निवृत्तीनंतर माणसं आपल्याला काय म्हणून हाक मारतात याकडे लक्ष देऊ नये. मला आता सोसायटीत ‘ते पाइपवाले काका’ म्हणतात.

तरी वरील सर्व बाबींवर आपला लेखी खुलासा पंधरा दिवसांत सादर करावा. न केल्यास आपल्यावर स्लॅब टाकून वर वाहनतळ करण्याची सूचना सोसायटीच्या पुढच्या सभेत येणार आहे. सूचक कोण ते अजून ठरायचं आहे; अनुमोदक म्हणून माझं नाव कुणीतरी मला न विचारता घातलं आहे, आणि ते कसं काढायचं याच्या विचारात मी हे पत्र लांबवत नेलं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा रहिवासी

ता. क. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, तेवढ्यात परवा रात्री पहिला पाऊस झाला. सकाळी गॅलरीतून पाहिलं, तर वाडीवरची दोन कातकरी पोरं आमच्या पाइपाच्या तोंडाशी मच्छरदाणीचं फडकं धरून उभी. वलगण लागली होती. खाडीतून चिवण्या वर चढत होत्या, पोटात अंडी घेऊन, गढूळ पाण्याला नाक लावून, सरळ शहराच्या दिशेने. मी वरून ओरडलो, “अरे, तो नाला आहे!” मोठ्या पोराने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि फडकं उचललं. त्यात सात-आठ फडफडत होत्या. या पत्राची प्रत माशांना द्यायची राहून गेली आहे.